वाचक विचारतात: कपडेपट आणि कॅमेरा

प्रश्न: इंदूरमध्ये शिवणकाम करते. मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकांचा कपडेपटही सांभाळते. चित्रपट-मालिकांच्या वेशभूषेत शिरायचं तर पदवी लागते का? माझी चित्रकला यथातथाच आहे.

उत्तर: चित्रकलेवाचून अडत नाही. शिकायचंच असेल तर निफ्ट ही फॅशनचं शिक्षण देणारी संस्था भोपाळमध्ये आहे, म्हणजे तुम्हाला जवळच. पण युनिटमध्ये सहायकाच्या हाती पेन्सिलीच्या आधी वही येते. संहिता वाचून तक्ता करायचा: दृश्य क्रमांक, कथेतला दिवस, पात्र, कपड्याचा क्रमांक. नवखी मंडळी 'कथेतला दिवस' हा रकाना हमखास गाळतात, आणि घोळ तिथेच होतो. नायक दृश्य 12 मध्ये दारातून बाहेर पडतो नि 13 मध्ये रस्त्यावर येतो. कथेत दिवस तोच, पण दाराचं चित्रीकरण आज सेटवर, रस्त्याचं तीन आठवड्यांनी. तेव्हा डावी बाही किती घड्या दुमडली होती, हे कुणाला आठवणार? म्हणून समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि मनगटाचा जवळून, असे फोटो घ्यायचे. तेही शॉट झाल्यावर, कारण बोलता बोलता नट स्वतःच एखादं बटण काढून मोकळा होतो.

पाऊस, रक्त, मारामारी असेल तर एकाच कपड्याचे निदान तीन जोड हवेत. स्टंटवाल्याचा वेगळा, आत पॅड बसतील इतका सैल. कापड एकाच थानातून घ्या; पुढच्या खेपेला रंगाची छटा बदलते. आणि सगळे जोड एकत्र, सारख्याच वेळा धुवा, नाहीतर एक कोरा करकरीत दिसतो. शिवताना आत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, सोडा, हे तुम्हाला सांगायला नकोच.

कामाला विचारायला जाताना तुमच्या एखाद्या नाटकाचा असा तक्ता, शेजारी अंगावरच्या कपड्यांचे फोटो, एवढं न्या. नुसत्या स्केचबुकापेक्षा ते जास्त बोलतं. मेहनताना आणि कपड्यांचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या, साध्या पिनांचंही बिल ठेवा.

प्रश्न: अहिल्याबाईंवर लघुपट करतोय. बाजारातली पांढरी महेश्वरी चालेल का?

उत्तर: पोत चालेल, पांढरा रंग त्रास देईल. हल्लीचं शुभ्र कापड दिव्यांखाली निळसर चमकतं आणि चेहरा काळवंडतो. साडी चहात बुडवून किंचित मळकट करा: गाळलेला फिका चहा, कोमट पाणी, साडी आधी ओली केलेली आणि पूर्ण बुडेल एवढं मोठं भांडं. घडी तशीच राहिली तर पट्टे उमटतात. महेश्वरीत रेशीम आणि सूत दोन्ही असतात, ते रंग सारखा घेत नाहीत. आधी पदराचं टोक बुडवून, वाळवून बघा. बाकीच्या पात्रांना भडक जांभळा, राणी रंग नको. पहिला रासायनिक रंग 1856 चा, अहिल्याबाई गेल्या 1795 मध्ये. मंजिष्ठेचा लाल, नीळ, हळद यांच्या आसपास राहा. शिलाई मशीनही तेव्हा नव्हतं, त्यामुळे जवळच्या शॉटमध्ये दिसणारे काठ हातशिलाईचे करा. आतल्या शिवणी मशीनवर मारल्या तरी कोण बघतंय!

प्रश्न: मुलाखतीच्या चित्रीकरणात शर्टावर लाटा हलताना दिसल्या. असं का?

उत्तर: बारीक, दाट रेघांचा शर्ट असणार. रेघांची जाळी कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या जाळीशी भिडली की असं होतं. साधा रंग घाला, किंवा रेघा चांगल्या रुंद असू द्या.