इंग्लंडच्या खेड्यातल्या खूनकथा: सुरुवात कुठून करावी?

अ‍ॅगाथा ख्रिस्ती क्रमानेच वाचायला हवी, ही भीती आधी सोडा. मिस मार्पल, म्हणजे ख्रिस्तीची खेड्यात राहणारी वयस्कर हौशी गुप्तहेर, हिची पहिली कादंबरी १९३० ची, पण तुम्ही १९५० च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’पासून सुरुवात करा. गावच्या वर्तमानपत्रात चक्क खुनाची जाहिरात येते, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, आणि शेजारीपाजारी वेळेवर हजर! महायुद्धानंतरचं रेशनिंग, नव्याने राहायला आलेली माणसं, त्यांचं पूर्वायुष्य कुणालाच ठाऊक नाही. हे तपशील सावकाश वाचा, फार सुंदर पेरलेत.

जवळ एक कागद ठेवा. पात्राचं नाव, नातं आणि खुनाच्या वेळी ते कुठे होतं, एवढंच टिपा. दहा-बारा इंग्रजी नावांचा गोंधळ झाला की पुष्कळजण पुस्तक मिटतात.

नेहमीच्या चुका:
- चहाच्या गप्पा आणि मोलकरणीच्या कुरबुरी गाळणं. धागेदोरे तिथेच असतात.
- आधी मालिका बघणं. काही रूपांतरांत खुनीच बदललाय.
- ‘कर्टन’ लवकर वाचणं. ती ख्रिस्तीच्या दुसऱ्या गुप्तहेराची, प्वारोची अखेरची केस आहे, शेवटीच वाचा.

डोरोथी सेयर्स ही दुसरी इंग्लिश रहस्यकथालेखिकाही अप्रतिम आहे, पण चार-पाच ख्रिस्ती झाल्यावर.