आधी दगडफूल, मग जंगल?

प्रश्न : उघड्या खडकावर आधी दगडफूल, मग शेवाळ, गवत, झुडपं आणि शेवटी झाडं, असा क्रम आम्हाला शिकवतात. वणव्यात जळालेलं जंगलही याच वाटेनं परत येतं का? किती वर्षांत?

उत्तर : परीक्षेत हाच क्रम लिहा, गुण मिळतील. निसर्गानं मात्र तो पाठ केलेला नाही. आइसलँडजवळ 1963 साली ज्वालामुखीतून सुर्त्सी नावाचं कोरं करकरीत बेट वर आलं. तिथं 1965 मध्ये समुद्रातून वाहत आलेल्या बीपासून किनाऱ्यावर एक फुलझाड उगवलं. शेवाळ सापडलं 1967 मध्ये, दगडफूल 1970 मध्ये. म्हणजे पुस्तकातला पहिला नंबर शेवटी आला! पुढं 1980च्या दशकात सीगल पक्ष्यांनी तिथं वसाहत केली आणि त्यांच्या विष्ठेच्या खतावर हिरवळ दाटली.

जळालेल्या जंगलाची गोष्ट वेगळी, कारण तिथं सुरुवात शून्यापासून नसते. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा 18 मे 1980 रोजी स्फोट झाला, तेव्हा भोवतालचं जंगल वरून सगळं राखाडी दिसत होतं. पण उंचावर अजून बर्फ होतं. त्याखाली दबलेली रोपं वाचली. बिळात राहणारे गोफर वाचले. उंदराच्या जातीतला हा प्राणी. त्यानं बीळ उकरताना खालची जुनी माती राखेवर आणून टाकली. त्या ढिगाऱ्यांत बिया होत्या, मुळांना साथ देणाऱ्या बुरश्या होत्या. जिथं काहीच उरलं नव्हतं त्या माळावर ल्युपिन हे शेंगवर्गीय रोपटं पहिलं रुजलं. मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंमुळे त्याला हवेतला नत्र मिळतो, म्हणून ते तगलं. पण अळ्यांनी त्याचाही फडशा पाडला, हेही सांगायला हवं. पुढची पायरी ठरलेली नसते ती अशी.

म्हणून वर्षांचा आकडा मी देणार नाही. जमिनीत मुळं आणि बी जिवंत असेल, तर पहिल्या पावसातच फुटवे दिसतील. मातीच वाहून गेली, तर तुमच्या नातवंडांनाही मोठी झाडं दिसतील याची खात्री नाही. आणि जंगल 'होतं तसंच' परत येईल का? त्या वर्षी वारा नि पाखरं कुठलं बी आणतात आणि ते कोण खाऊन टाकतं, यावर ते ठरतं.

एक विनंती : जळके ओंडके 'साफसफाई' म्हणून ओढून काढू नका. उतारावरची माती तेच अडवतात, आणि त्यांच्या सावलीत कोवळी रोपं तग धरतात.