थेंब दिले, मग सुई कशाला?

प्रश्न : लेकीच्या बाळाला दीड महिन्याला पोलिओचे थेंब दिले आणि त्याच दिवशी उजव्या दंडावर पोलिओचीच सुई टोचली. थेंब पुरत नाहीत का? अमेरिकेहून आलेल्या तीन वर्षांच्या नातवाला तिकडे पोलिओची तीन इंजेक्शनं झाली आहेत. त्याला इथले थेंब पाजावेत का?
– एक आजी, कराड

उत्तर : थेंबांतला विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला असतो. तो आतड्यात वाढतो आणि खरा पोलिओ जिथून शिरतो तिथेच पहारा बसवतो. मात्र आतड्यात आधीच दुसरे विषाणू ठाण मांडून असले की थेंब नीट ‘लागत’ नाहीत. सुईतला विषाणू मेलेला. त्याने रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होतात, लकवा टळतो. पण ज्या आतड्याला थेंब ठाऊकच नाहीत तिथे एकटी सुई फारसं काही करत नाही.

थेंबांनंतर सुई दिली की चित्र बदलतं. थेंबांमुळे आतड्याची वाट माहीत असलेल्या स्मृतिपेशी (एकदा भेटलेला विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) तयार झालेल्या असतात, सुई त्यांना जागं करते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या वेल्लोर आणि मुरादाबादच्या अभ्यासांत, पूर्वी अनेकदा थेंब घेतलेल्या मुलांना एक सुई दिली, मग परीक्षा म्हणून पुन्हा थेंब पाजले आणि शी तपासली. सुई घेतलेल्यांच्या शीतून विषाणू न घेतलेल्यांपेक्षा कमी बाहेर पडला.

म्हणून ६ आणि १४ आठवड्यांच्या सुईनंतरची नवव्या महिन्याची (ही डाव्या दंडावर) चुकवू नका. तोवर चारदा थेंब झालेले असतात. सुईची मात्रा ०.१ मिलि, म्हणजे पूर्ण मात्रेचा पाचवा हिस्सा. ती कातडीतच द्यायची असते. टोचल्यावर मसुरीएवढा फुगवटा यायला हवा. आला नाही तर लस खोल गेली असं समजा. ती जागा चोळू नका.

एक मर्यादा आहे. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार (टाइप) आहेत. एप्रिल २०१६ पासून थेंबांत टाइप २ नाही, फक्त १ आणि ३ आहेत. टाइप २ पासूनचं संरक्षण सुईतूनच, आणि तेही मुख्यतः रक्तात.

नातवाला थेंब जरूर पाजा. अमेरिकेत २००० पासून फक्त इंजेक्शन देतात, त्यामुळे त्याचं आतडं कोरंच आहे. त्याची किंवा घरातल्या कुणाची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी खालावली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.