‘डेटा गव्हर्नन्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: एका पतसंस्थेत सल्लागारांनी प्रश्नावली पाठवली. ‘डेटा गव्हर्नन्स मॅच्युरिटी असेसमेंट’ या मथळ्याचं मराठी ‘विदा शासन परिपक्वता मूल्यमापन’ असं केलं गेलं आणि शाखेतल्या कुणालाच ते कळलं नाही. कळेल असा शब्द कोणता?

माझं उत्तर आधी सांगते. गव्हर्नन्सला, म्हणजे डेटाबाबत कुणी काय ठरवायचं या व्यवस्थेला, ‘कारभार’ म्हणा. मॅच्युरिटीला बोलताना ‘घडी’ म्हणा. डेटाला डेटाच राहू द्या.

डेटावर फार वेळ घालवत नाही. ‘विदा’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूशी नातं सांगतो, पण डेटा म्हणजे अजून जाणलेलं काही नव्हे, ती नुसती नोंद. लॅटिन ‘डेटम’चा अर्थ ‘दिलेलं’. त्याचं नातं आपल्या ‘दा’ धातूशी आहे, आणि कन्नडमध्ये ‘दत्तांश’ म्हणतात ते मला फार आवडतं. मराठीत मात्र ‘डेटा संपला’ हे आता भाजीवालाही म्हणतो. तो शब्द घरचा झालेला आहे.

खरी अडचण गव्हर्नन्सची. ‘शासन’ म्हटलं की आपल्याला सरकार दिसतं, नाहीतर शिक्षा. ‘प्रशासन’ म्हटलं की कचेरी दिसते. शिवाय डेटाबेस सांभाळणाऱ्या ‘अ‍ॅडमिन’साठी तो शब्द आधीच अडकला आहे. ‘नियमन’ बाहेरून होतं, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यासारखं. ‘अभिशासन’ हिंदी सरकारी कागदांतून येतो, पण मराठी जिभेवर तो बसलेला नाही. आणि ‘व्यवस्थापन’ ही तर सरळ चूक आहे, कारण गव्हर्नन्स आणि मॅनेजमेंट यांतला फरक दाखवायलाच हा वेगळा शब्द आला. डेटा व्यावसायिकांच्या ‘डामा’ या संघटनेच्या मार्गदर्शिकेत (दुसरी आवृत्ती, २०१७) डेटाची कामं चाकासारखी काढून दाखवली आहेत. साठवण, सुरक्षा, गुणवत्ता असे दहा विषय भोवती आणि गव्हर्नन्स मधोमध. त्या मधल्या जागेचा अर्थ अधिकार आणि वचक: कुणी काय ठरवायचं, आणि ठरलं तसं होतंय की नाही हे कुणी बघायचं.

हा फरक आपल्याला परका नाही. सातबारा डोळ्यांसमोर आणा. जमिनीचं खरेदीखत झालं म्हणून खरेदीदाराचं नाव आपोआप चढत नाही. तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद धरतो. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग नाव लागतं. हरकत आली तर तिची वेगळी नोंदवही. लिहिताना चूक झाली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागायची. नोंद कुणी धरायची, खरी कुणी ठरवायची, चुकली तर कुणाकडे जायचं, सगळं ठरलेलं. सातबारा संगणकावर आला, सर्व्हर बसले, बॅकअप होऊ लागले, हे व्यवस्थापन झालं. पण २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद तलाठ्याऐवजी शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून करू लागला, तेव्हा कुणाच्या नोंदीपासून सुरुवात करायची हेच बदललं. तो कारभारातला बदल.

म्हणून ‘कारभार’. त्यात फारसी ‘कार’ आहे, काम. पण मराठीत हा शब्द नुसत्या कामावर थांबत नाही. ‘एकहाती कारभार’, ‘कारभारावर ताशेरे’ म्हणताना आपण अधिकार आणि जबाबदारीबद्दल बोलत असतो. रोजचं कामही त्यात थोडं येतं, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही मी तो सोडणार नाही, कारण त्याच्याबरोबर सगळं कुटुंब येतं. या क्षेत्रात डेटा ओनर, डेटा स्ट्युअर्ड आणि डेटा कस्टोडियन अशा तीन भूमिका असतात. त्यांना धनी, कारभारी आणि राखणदार म्हणून बघा. धनी निर्णय घेतो, कारभारी त्याच्या वतीने नोंदी नीट ठेवतो, राखणदार कुलूप सांभाळतो. शाखेतल्या शिपायालाही पुन्हा समजवावं लागत नाही. वर समिती नेमायची असेल तर ‘सुकाणू समिती’ रुळलेलीच आहे, आणि गव्हर्नन्सचं ग्रीक मूळही होडी हाकण्याचंच आहे.

आता मॅच्युरिटी. पतसंस्थेत हा शब्द फारच घोटाळ्याचा, कारण तिथे मॅच्युरिटी म्हणजे ठेवीची मुदत पुरी होणं. अशाच एका संस्थेत मी प्रश्नावलीच्या भाषेसाठी बसले होते. ‘तुमच्या डेटाची मॅच्युरिटी किती?’ यावर काउंटरवरच्या ताईंनी मुदत ठेवींचं रजिस्टर पुढे केलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

कल्पना मूळची सॉफ्टवेअरची. १९८० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री यांनी संस्थेचं काम किती शिस्तीत चालतं हे मोजायची पाच पायऱ्यांची चौकट मांडली, आणि डेटाच्या बहुतेक मोजपट्ट्या तिच्याच वळणाच्या आहेत. त्या पायऱ्यांना मी मराठीत अशी नावं देते: माणसावर चालणारा कारभार, सवयीचा कारभार, लिहिलेला कारभार, मोजलेला कारभार आणि सुधारत राहणारा कारभार. ‘परिपक्वता’ अहवालात ठेवा, हरकत नाही. पण फळ आपोआप पिकतं, कारभार तसा पिकत नाही. त्याची घडी बसवावी लागते आणि ती विस्कटूही शकते. हा अर्थ ‘घडी’त आहे, ‘परिपक्वते’त नाही.

त्याच संस्थेत मी मग प्रश्न बदलून विचारला: सभासदाचा मोबाईल नंबर बदलला तर काय करता? ताई म्हणाल्या, ‘मी कर्जाच्या खात्यात बदलते, ठेवीचं सर बघतात.’ सर रजेवर असले तर? त्या थांबल्या. एकाच सभासदाचं नाव कर्जाकडे आडनाव आधी, ठेवीकडे आडनाव शेवटी असं लागलेलं होतं, आणि ही दोन्ही एकच व्यक्ती आहे हे सांगायचा अधिकार कुणालाच दिलेला नव्हता. ही पहिली पायरी.

म्हणून एक विनंती. ‘डेटा धोरण आहे का? होय / नाही’ असे प्रश्न ठेवू नका. संस्था स्वतःच उत्तरं भरते तेव्हा ‘होय’वर खूण करणं सोपं असतं. ‘नोंद दुरुस्त केल्याची शेवटची तीन प्रकरणं दाखवा, सही कुणाची आहे?’ असं विचारा. आणि सगळ्या विभागांची सरासरी काढू नका. कर्ज विभाग तिसऱ्या पायरीवर आणि सभासद नोंदणी पहिलीवर असेल तर ‘दोन’ हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

मथळ्यावर मी ‘आपल्या डेटाचा कारभार : घडी कितपत बसली आहे याची पाहणी’ असं लिहीन, आणि सल्लागारांना ताडून बघता यावं म्हणून मूळ नाव त्याखाली बारीक अक्षरात देवनागरीत ठेवीन.