दोन आवडत्या लेखकांनी मिळून लिहिलेली फँटसी कादंबरी कंटाळवाणी का होते?

आपण विचारले आहे की, दोन्ही लेखक स्वतंत्रपणे आवडत असूनही त्यांनी मिळून लिहिलेली फँटसी कादंबरी पुढे सरकत नसेल, तर तो दोष वाचकाचा मानावा की पुस्तकाचा. कादंबरीचे नाव आपण दिलेले नाही. मात्र यंदाच्या पावसाळ्यात अंधेरी ते चर्चगेट या रोजच्या लोकल प्रवासात मी अशीच एक कादंबरी शेवटपर्यंत वाचली आणि माझी घोर निराशा झाली. माझ्या मते दोष पुस्तकाचाच आहे.

तिच्यातला एक प्रसंग सांगतो. नदीवरच्या पुलाचा राखणदार प्रत्येक वाटसरूकडून टोल म्हणून एक आठवण काढून घेतो, आणि पलीकडे जाण्यासाठी नायिका आपल्या आईच्या आवाजाची आठवण देऊन टाकते. कल्पना विलक्षण आहे, ते प्रकरण उतरलेही सुरेख आहे. पुढचे प्रकरण भाषेवरून उघडच दुसऱ्या लेखकाचे वाटते. त्यात तीच नायिका शेकोटीपाशी बसून आईचा आवाज आठवत अंगाई गुणगुणते, आणि मग दोन राजघराण्यांची वंशावळ सुरू होते, ती संपता संपत नाही. दिलेल्या गोष्टीची झळ कोणालाच लागत नसेल, तर जादूला वजन उरत नाही आणि पुढच्या संकटाची धास्तीही वाटत नाही. कंटाळा येतो तो यामुळे; जाडजूड पुस्तकांना फँटसीचा वाचक सहसा घाबरत नाही.

दोघांची प्रतिभा कमी पडली असे मला वाटत नाही. एकमेकांचा मान राखण्याच्या नादात दुसऱ्याच्या मजकुरावर काट मारण्याचे धाडस कोणीच केले नसावे, असे मात्र पानोपानी जाणवते. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेली 'गुड ओमेन्स' लिहिताना फोनवर तासन्‌तास चर्चा केली, फ्लॉपी डिस्क टपालाने पाठवल्या. परंतु मूळ प्रत सांभाळण्याचे काम प्रॅचेट यांच्याकडे होते. सगळा मजकूर अखेर एका हाताखालून जाणे किती मोलाचे असते, ते त्या कादंबरीच्या एकसंध आवाजात दिसते.

शेवट आधी वाचा, असे मी एरवी कोणालाही सांगणार नाही. आपण मात्र अर्ध्यावर अडकला असाल, तर शेवटची दोन प्रकरणे चाळून पाहा. आरंभी पात्रांनी जे गमावले, त्याची खूण तिथे कुठेच सापडली नाही, तर ते पुस्तक खुशाल बाजूला ठेवा आणि त्या दोघांपैकी जो अधिक आवडतो, त्याची एकट्याची कादंबरी वाचायला घ्या.