न आलेला अंक : मागायचा कधी, कसा?

प्रश्न : बांधणीसाठी वर्षाचे अंक काढले की दर जर्नलचे एक-दोन कमी भरतात. प्रकाशकाला लिहिलं तर 'मुदत संपली' असं उत्तर येतं. काय करावं?
– महाविद्यालयीन ग्रंथपाल, सिंधुदुर्ग

उत्तर : बांधणीच्या वेळी शोधायला बसलात की उशीर झालेलाच असतो. न आलेला अंक मागायची मुदत मोजतात ती अंक निघाल्यापासून किंवा टपालात पडल्यापासून. तुमच्या लक्षात कधी आलं, याला तिथे किंमत नाही. कुठे ६० दिवस, कुठे ९०, काही परदेशी जर्नलांना सहा महिने. नेमका आकडा वर्गणीच्या अटींत बारीक टायपात असतो. तो एकदा शोधून त्या जर्नलच्या कार्डेक्सवर (आलेल्या अंकांच्या नोंदीच्या कार्डावर) लाल शाईने लिहून ठेवा.

साप्ताहिकाची दोन आठवडे, मासिकाची महिनाभर, त्रैमासिकाची दीड-दोन महिने वाट पाहावी. पावसाळ्यात घाटात दरड आली असेल तर थोडी अधिक. मात्र पुढचा अंक हातात पडला आणि मागचा नाही, तर त्याच दिवशी लिहा. कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली वापरत असाल तर वर्गणीच्या नोंदीत 'ग्रेस पीरियड', म्हणजे वाट पाहायचे दिवस, भरा. विक्रेत्याच्या संपर्कात ईमेल आणि क्लेम-पत्राचा (न आलेला अंक मागण्याच्या पत्राचा) नमुना भरायचा राहून गेला, तर न आलेल्या अंकांची यादी दिसते पण पत्र जात नाही.

पत्र लिहिण्याआधी अंक खरंच निघाला होता का, ते पाहा. मराठी मासिकांत इथेच फसायला होतं. सप्टेंबरचा अंक ९ आणि पुढच्या दिवाळी अंकावर १०-११ छापलं असेल, तर नोव्हेंबरचा अंक मुळात नाहीच. महिन्यापेक्षा अंक क्रमांकावर भरवसा ठेवा. प्राध्यापकांच्या टेबलांवरही एक फेरी मारा; तिथे सापडणाऱ्या अंकासाठी दोनदा क्लेम गेला की तिसऱ्या, खऱ्या क्लेमकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही.

एकाच महिन्यात पाच-सहा नियतकालिकं आली नाहीत, तर दोष बहुतेक तुमच्याच बाजूचा : टपाल कार्यालय, नाहीतर कॉलेजच्या आवक खिडकीवरचा गठ्ठा. एकच नियतकालिक सतत चुकत असेल तर प्रकाशकाच्या यादीतला पत्ता तपासा. पिनचे शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय ठरवतात. त्यातला एक चुकला की अंक भलत्याच गावी. फक्त जानेवारीचा अंक नसेल तर वर्गणी उशिरा भरली गेली का, ते आधी बघा. सवलतीच्या दराने साध्या टपालातून येणाऱ्या अंकाला ट्रॅकिंग नसतं, तेव्हा पोस्टमनशी वाद घालू नये.

पत्रात नियतकालिकाचं नाव, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक), वर्ष, खंड, अंक, वर्गणीदार क्रमांक, पावती क्रमांक व तारीख आणि पिनसह पूर्ण पत्ता द्या. वर्गणीदार क्रमांक पाकिटावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीवर असतो, म्हणून शेवटचं एक पाकीट फाइलला लावून ठेवायचं. वर्गणी एजंटमार्फत असेल तर पत्र एजंटला, प्रत प्रकाशकाला. एजंटकडून पुढे गेलं नाही तरी तुमची तारीख प्रकाशकाकडे नोंदली जाते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिल्या पत्राची तारीख घालून स्मरणपत्र. 'प्रती शिल्लक नाहीत' असं कळवलं तर वर्गणीची मुदत तेवढ्या अंकांनी वाढवून मागा, किंवा पीडीएफ आणि ती छापून ठेवण्याची लेखी परवानगी. बांधणी मात्र त्यासाठी वर्षानुवर्षं अडवू नका; जाड कागदाची पट्टी घालून जागा सोडायला बाइंडरला सांगा.

प्रश्न : भिजलेले अंक प्रकाशक बदलून देतात का?
– वाचनालय कार्यकर्ता, चिपळूण

उत्तर : टपालातून भिजून आलेल्या अंकाबद्दल पाकिटासकट फोटो काढून लगेच कळवा; बरेच प्रकाशक देतात. २२ जुलै २०२१ सारख्या पुरात कपाटातून गेलेले अंक मात्र क्लेममध्ये बसत नाहीत. ते जुने अंक म्हणून विकतच घ्यावे लागतात. भिजलेला अंक गुळगुळीत आर्ट पेपरचा असेल तर सुकण्याआधीच पानं सुटी करून मध्ये कोरे कागद घाला. एकदा चिकटून सुकलेली पानं फाटल्याशिवाय सुटत नाहीत.