आपण परीक्षा ‘देतो’, मग इंग्रजीत ती ‘टेक’ का करतात?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी इंदूरलाच राहते, राजेंद्रनगरला, बीकॉम सेकंड इयरला आहे. मागच्या महिन्यात एका ठिकाणी इंटरव्ह्यू होता, तिथे मी म्हटलं "आय गेव्ह माय एक्झाम इन एप्रिल", तर समोरचे सर म्हणाले, म्हणजे तुम्ही शिकवता का? मला काही कळेचना, गप्पच बसले. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली "टुक" म्हणायला पाहिजे होतं. पण टेक म्हणजे घेणे ना? परीक्षा तर सर घेतात, आपण देतो! आणि डिक्शनरी उघडली तर या एका शब्दाला पानंच्या पानं आहेत, पाठ कसं करायचं हे सगळं?

उत्तर : बेटा, आधी मनातून हे काढून टाक की तुझं काही फार मोठं चुकलं. आपल्याकडे एक्झामला सर्रास गिव्ह म्हणतात आणि भारतात ते समजतंही, फक्त ज्याला बाहेरच्या इंग्रजीची सवय आहे त्याला "गिव्ह अ टेस्ट" म्हटलं की पेपर वाटणारी टीचर डोळ्यासमोर येते, तुझ्या त्या सरांचं तेच झालं असणार. मराठीत विद्यार्थी देणारा आणि मास्तर घेणारा, हिंदीतही एक्झाम देना, आता घरची भाषा आणि बाजारातली भाषा दोन्ही एकच सांगत असल्यावर तुझ्या तोंडी गिव्हच येणार ना. इंग्रजीत मात्र मुलगा परीक्षा अंगावर घेतो, म्हणून टेक. ब्रिटिश लोक सिट पण म्हणतात, परीक्षेला बसणे, हे तर थेट आपल्यासारखंच आहे, ते वापरलंस तरी चालेल.

याची उलटी बाजू जास्त गडबडीची आहे, ती पण लक्षात ठेव. "सर टुक अवर टेस्ट" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं सरांनी टेस्ट घेतली, पण ऐकणाऱ्याला वाटतं सरांनीच बसून आमचा पेपर सोडवला. तिथे "सर गेव्ह अस अ टेस्ट" म्हणायचं, म्हणजे बरोब्बर आपल्या उलट. क्लासचं त्यातल्या त्यात बरं आहे, इंग्लंडमध्ये टीचर मुलांचा क्लास टेक करते आणि अमेरिकेत कॉलेजची मुलं पण क्लास टेक करतात, म्हणजे लावतात, त्यामुळे कोण बोलतंय ते बघून अर्थ घ्यायचा.

आता तुझा खरा प्रश्न, पाठ कसं करायचं. करूच नको. मी इतकी वर्षं शिकवलं आणि दरवेळी हेच बघितलं की मुलं ‘टेक म्हणजे घेणे’ असं वहीत लिहितात आणि मग जन्मभर अडकतात. तू उलट्या बाजूने चाल, मराठी वाक्य मनात आण आणि बघ की तिथे आपण कुठलं क्रियापद बोलतो, कारण टेक जे एकटं करतं ते मराठीत घेणे, नेणे, लागणे, काढणे, देणे असे पाच-सहा जण वाटून घेतात. निर्णय घेणे, सुट्टी घेणे, रिस्क घेणे, शब्द मागे घेणे, लिहून घेणे, इथे सगळीकडे घेणे आणि टेक हातात हात घालून चालतात, "आय टेक इट बॅक" म्हणजे अगदी मी माझा शब्द मागे घेतो. हे तुला येतंच, यावर वेळ घालवू नको.

वेळ घालवायचा तो लागणे वर. राजवाड्याहून स्टेशनला जायला किती वेळ लागतो? "हाऊ लाँग डझ इट टेक?" इथे ते इट विसरायचं नाही, आपल्याकडे वेळ लागतो म्हणजे वेळ हा कर्ता, म्हणून मुलं "टाइम टेक्स" म्हणून मोकळी होतात, किंवा मला लागतं म्हणून "इट टेक्स टू मी" म्हणतात. दोन्ही नाही. "इट टेक्स मी हाफ अॅन आवर", मला अर्धा तास लागतो, त्या इंग्रजी मी च्या आधी टू वगैरे काही नाही. हिंमत लागते, धीर लागतो, तिथे पण हेच, "इट टेक्स करेज". पण पोहे करायला काय काय लागतं असं विचारायचं असेल तर टेक नाही, तिथे नीड. वेळ, पैसा, कष्ट, धीर असं काही खर्ची पडत असेल तर टेक, नुसती सामानाची यादी असेल तर नीड, इतकं धरून चाललीस तरी पुष्कळ आहे.

काढणे तर फारच मजेशीर. फोटो काढ म्हणजे टेक, चित्र काढ म्हणजे ड्रॉ, बूट काढ म्हणजे टेक ऑफ, पैसे काढ म्हटलं तर बँकेतून विथड्रॉ. एकाच काढणे चे चार रस्ते. आणि बूट काढताना "टेक युवर शूज ऑफ" किंवा "टेक ऑफ युवर शूज" दोन्ही बरोबर, पण ते काढ म्हणायचं असेल तर "टेक देम ऑफ"च, देम मध्येच येणार, शेवटी कधीच नाही.

एक गोष्ट इंदूरच्या मुलांना मी मुद्दाम सांगते कारण पुण्याच्या मुलाला ही अडचण एवढी येत नाही. आपण मराठीतून सरळ इंग्रजीत जात नाही, मध्ये हिंदीचा मुक्काम होतो. औषध घेतलंस का हे मराठी वाक्य, ते तसंच उचललं असतं तर टेक बरोबर आलं असतं, पण आपल्या घरात आजी पण विचारते "दवाई खाल्ली का?" आणि मग डॉक्टरांसमोर "आय एट द मेडिसिन" निघतं. गोळी असो की पातळ औषध, टेकच. फोटोचं पण तसंच, फोटो खींचना डोक्यात असतं म्हणून पुल कुठे वापरू असं मला एकाने खरंच विचारलं होतं, आणि तो हुशार मुलगा होता. हिंदी आपलीच आहे, तिला दोष नाही, फक्त बोलायच्या आधी क्षणभर बघायचं की हे वाक्य मी कुठल्या भाषेतून उचलतेय.

आणि असं शेजारच्या भाषेतून शब्द घरात शिरणं इंग्रजीला काही नवं नाही, हा टेक स्वतःच तसा आलाय. जुन्या इंग्रजीत घेणे साठी निमन असा शब्द होता, जर्मन लोक अजून नेहमेन म्हणतात तो त्याचाच भाऊ. ९ व्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन राहिले, त्यांची भाषा नॉर्स, त्यात टाका म्हणजे धरणे, घेणे. दोन्ही लोक एकाच गावात राहायचे, लग्नं व्हायची, आणि होता होता काही शतकांत टाका चं टेक झालं आणि निमन संपलं. नाइफ, एग, इतकंच काय दे हे सर्वनाम पण तिकडूनच आलंय. निमन ची एक खूण मला फार आवडते, नम, म्हणजे बधीर. मूळ अर्थ घेतलेला. हाताला मुंग्या येऊन हात बधीर होतो तेव्हा त्यातली जाणीव कोणीतरी घेऊन गेलेलं असतं. हजार वर्षांपूर्वीचं क्रियापद त्या शब्दात अजून शिल्लक आहे.

प्रश्न : फोनवर "मी लाडू घेऊन येते" म्हणायचं तर ब्रिंग की टेक? माझी मुलगी टेक म्हणते, मी ब्रिंग. (देवासहून एक वाचक)

उत्तर : ताई, तुमचं बरोबर. ज्यांच्याशी बोलताय त्यांच्याकडेच जायचं असेल तर मराठीत आपण येते म्हणतो आणि इंग्रजीत ब्रिंग. तिसऱ्याकडे न्यायचे असतील, म्हणजे वन्संकडे वगैरे, तर नेते आणि टेक. आणणे-नेणे चा हा फरक मराठी माणसाच्या कानात जन्मापासून असतो, मुलीला म्हणावं कानावर विश्वास ठेव.

प्रश्न : चहा घेणार का हे "विल यू टेक टी?" असं विचारलं तर चूक आहे का?

उत्तर : चूक नाही पण आता जुनाट वाटतं, "विल यू हॅव सम टी?" जास्त चालतं. साखर घेता का हे मात्र आजही "डू यू टेक शुगर?"

प्रश्न : माझी नात परदेशात जन्मली, जावई मराठी नाहीत. व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगायचं असतं की ही आपल्या पणजीवर गेली आहे, हुबेहूब तोच हट्ट. मला "शी इज गॉन ऑन" च्या पुढे काही सुचत नाही. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : काकू, इथे पण टेकच कामाला येतो. "शी टेक्स आफ्टर हर ग्रेट-ग्रँडमदर." फक्त आपल्या घरातल्या मोठ्या माणसासाठी म्हणतात, मैत्रिणीवर किंवा धाकट्या भावावर गेली असं नाही म्हणत, आणि रूपाबरोबर स्वभावालाही चालतं, त्यामुळे हट्ट त्यात आलाच. टेकिंग म्हणू नका, साधं टेक्स. आणि जावयांना पणजीची एखादी हट्टाची गोष्ट पण सांगा, मग ते स्वतःच म्हणतील.